मोतीबिंदू आणि कडवीचे बी

मावशीच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला, आणि त्याच्या पुढच्या हंगामापासून तिच्या वाफ्यातल्या कडवीचे बी उगवेनासे झाले.

कडवी ही सूर्यफुलाच्या कुळातली एक रानटी वनस्पती. पाने जमिनीलगत गोल पसरतात, मधून गुडघ्याएवढा ताठ दांडा निघतो आणि त्यावर नाण्याएवढी पिवळी फुले येतात. फूल हा शब्द सोयीसाठी वापरला आहे. या कुळात आपण ज्याला एक फूल समजतो तो दाटीवाटीने बसलेल्या असंख्य बारीक फुलांचा गुच्छ असतो, आणि त्यातल्या प्रत्येक बारीक फुलाला फार तर एक बी धरते. बी पिकले की त्याला पांढऱ्या केसांचा झुपका येतो आणि ते म्हातारीसारखे वाऱ्यावर तरंगत जाते. पान विलक्षण कडू असते. लोक ते उकळून पोटासाठी पितात. पोटाला त्याचा उपयोग होतो हे दाखवणारी एकही नीट चाचणी मला आढळलेली नाही. कडूपणा मात्र मी स्वतः तपासलेला आहे.

मावशीची रोपवाटिका तिच्या घरामागे आहे. मोगरा, तुळस, गुलाब सगळीकडेच मिळतात. तिच्याकडे लोक येत ते कडवीसाठी. ज्या टेकडीवर ती रानात उगवत असे ती टेकडी सपाट होऊन तिथे गोदामे उभी राहिली, आणि तेव्हापासून मावशीचा वाफा हाच तिचा एकमेव ठावठिकाणा उरला. दर हंगामात ती वाफ्यातले बी काढी, ट्रेमध्ये पेरी आणि रोपे विकी.

मी बीज परीक्षण प्रयोगशाळेत काम करते. पेरलेल्यांपैकी किती उगवले हे मोजून सांगणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. त्यामुळे दुसऱ्या हंगामातही ट्रे रिकामे राहिले तेव्हा मावशीने मला बोलावून घेतले.

"ये शहाणे," ती म्हणाली. "बघ तुझ्या शास्त्राला काय दिसतंय. शेवाळ उगवलं, गवत उगवलं, बी तेवढं उगवत नाही."

"बी जुनं असेल."

"माझ्या हातानं काढलंय. ताजं."

"माती बदललीस?"

"तीच माती, तोच नळ, तोच नवरा. बदललं ते फक्त हे." तिने उजव्या डोळ्याखाली बोट ठेवले.

काका दारातल्या खुर्चीवर वाटाणे सोलत बसले होते. "बदललं तर खूप काही," ते म्हणाले. "ऑपरेशन झाल्यापासून हिला पंख्यावरची धूळ दिसते, माझ्या कॉलरवरचा डाग दिसतो. इतकी वर्षं निभावलं गं, म्हातारपणी पकडलो गेलो."

"वाटाण्यातल्या अळ्या तरी बघा," मावशी म्हणाली.

त्यांच्या थट्टेत जे बोलले जात नव्हते ते मला काकांनी फोनवर आधीच सांगितले होते. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिळालेली तारीख मावशीने परत केली होती. त्या डोळ्याने तिला आता खिडकीचा उजेड तेवढा कळे. चहा कपात ओतताना निम्मा बशीत जाई, आणि गेल्याच महिन्यात मागच्या पायरीवरून ती पडता पडता वाचली होती. डॉक्टरीणबाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की मोतीबिंदू पिकून कडक होत चालला आहे. जितके थांबाल तितके काम अवघड होईल.

"मावशी, डोळ्याचा आणि बियाचा संबंध काय?"

"ते तू सांग. एक डोळा दिला तर बी गेलं. दुसरा दिला तर उभी रोपं जातील. त्यापेक्षा आहे ते राहू दे."

"दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. त्याच वर्षी शेजाऱ्यांनी गच्चीवर पाण्याची टाकीही बसवली."

"टाकीनं माझ्या डोळ्यात भिंग नाही बसवलं."

"हा योगायोग आहे."

मावशी हात पुसून उभी राहिली. "बरं. मग ऑपरेशन सोडून दुसरं कारण दाखव. दाखवलंस तर मी स्वतःच्या पायांनी जाऊन त्या टेबलावर आडवी होते. नाही दाखवता आलं, तर तो विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. तुम्हीही ऐकताय ना?"

"ऐकतोय," काका म्हणाले. त्यांच्या हातातली शेंग सोलायची राहिली होती.

मी मूठभर बी घेऊन गेले.

न उगवणाऱ्या बियाच्या बाबतीत पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ते मेलेले आहे, झोपलेले आहे की मुळात नव्हतेच. मी एकेक बी चिमट्यात धरून सुरीने उभे कापले. बाहेरून ते ठीक दिसत होते. तपकिरी, रेघांचे, माथ्यावर केसांचा झुपका. आत काहीच नव्हते. जिथे पांढरा गर आणि अंकुर असायला हवा तिथे कोरडे टरफल टरफलाला चिकटलेले. जितकी कापली तितकी सगळी पोकळ.

म्हणजे इतके दिवस आम्ही चुकीचा प्रश्न विचारत होतो. बी उगवत का नाही, हा प्रश्नच नव्हता. बी धरत का नाही, हा होता.

फुलाला बी धरत नाही तेव्हा पहिला संशय किडे-माशांवर जातो. परागकण एका रोपावरून दुसऱ्यावर न्यायचे काम त्यांचे. गोदामांचे दिवे, कुठेतरी केलेली फवारणी, यांमुळे मधमाश्या कमी झाल्या असतील असे मी गृहीत धरले आणि सुटी काढून वाफ्यापाशी जाऊन बसले. फुलांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. मधमाश्या येत होत्या. भरपूर येत होत्या. तरीही मी माश्यांपेक्षा स्वतःवर विश्वास ठेवून एक बारीक रंगकामाचा ब्रश घेतला आणि रोपारोपांतून पराग इकडचा तिकडे लावत फिरले. ऊन होते म्हणून काका मागून छत्री धरून चालत.

"माश्यांना पगार नाही, तुला आहे," ते म्हणाले. "काम त्यांच्यापेक्षा बरं व्हायला हवं."

ते झाले नाही. ब्रश लावलेल्या गुच्छांवर मी पातळ कापडाच्या पिशव्या बांधल्या होत्या. त्या सोडून बी कापले, तर तेही पोकळ.

"मग?" मावशीने विचारले.

"मग माझा अंदाज चुकला."

"चुकतो म्हणायचा तुझाही." तिचा स्वर टोचणारा नव्हता, उलट थोडा निराश होता. मी हरावे असे तिला वाटत नव्हते, हे मला तेव्हा प्रथम जाणवले.

मी वाफ्याकडे पाहत राहिले. चार सरळ ओळी, दोन रोपांत सारखे अंतर, प्रत्येक रोपाची पाने एकाच साच्यातून काढल्यासारखी गुळगुळीत, अखंड कडांची. रानटी वनस्पती इतकी एकसारखी नसते. रानात दोन शेजारी रोपांतसुद्धा भावाभावांइतका फरक असतो.

"मावशी, ही रोपं बियांपासून केलीस ना?"

"छे. बियांची रोपं विकायला. वाफ्यात ती कधी नाही लावत, कशी निघतील भरवसा नाही. टेकडीवरून मी मातीसकट एक ढेकूळ आणलं होतं. त्यातलं सगळ्यांत देखणं रोप ठेवलं, बाकीची काढून टाकली. त्याची मुळं फोडून फोडून या ओळी भरल्यात. म्हातारं झालं की फोडायचं, पुन्हा लावायचं. सगळी एका आईची आहेत."

"एका आईची नाहीत. ती आईच आहे."

"म्हणजे?"

मुळाचा तुकडा लावून केलेले रोप हे मूळ रोपाचे अपत्य नसते. ते तेच रोप असते, दुसऱ्या जागी उभे. मी वाफ्यात तीसेक रोपे मोजत होते, आणि तिथे होते एकच. सूर्यफुलाच्या कुळातल्या पुष्कळ रानटी जाती स्वतःचा पराग ओळखतात आणि नाकारतात. फुलाच्या मुखावर परागकण पडतो, ओळख पटते, आणि तो तिथेच वाळून जातो. मी छत्रीच्या सावलीत, इतक्या काळजीने, एका रोपाचा पराग त्याच रोपाला लावत हिंडले होते.

हे मी मावशीला सांगितले तेव्हा काकांना फार आनंद झाला. "सापडलं म्हणजे. तारीख घेऊ?"

"थांबा," मावशी म्हणाली. "ओळी भरून वीस वर्षं झाली. तेव्हापासून एकच आहे ना ती? मग आत्ता-आत्तापर्यंत बी कसं उगवत होतं?"

प्रश्न बिनतोड होता. अर्धे कारण म्हणजे कारण नव्हे. पूर्वी बी धरत असेल तर त्या काळी दुसरे कुठले तरी रोप पराग पुरवत असले पाहिजे, आणि ते आता नसले पाहिजे. टेकडी तर बी थांबण्याच्या काही वर्षे आधीच नाहीशी झालेली, म्हणजे निदान त्यानंतर तरी पराग दुसरीकडून येत असला पाहिजे. मावशीकडून रोपे नेणारे लोक फुलाचा दांडा वर येताच खुडतात, कारण फुलावर आलेल्या रोपाचे पान तोंडात धरवत नाही. त्यामुळे त्यांच्या कुंड्यांतून पराग येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मी विचारले की खुडायचे विसरले असेल असे कोणी गिऱ्हाईक आहे का.

"सायकलवाला," काका म्हणाले. "ऑपरेशनच्या आधी दोन रोपं घेऊन गेला होता आईसाठी. आईनं एक घोट घेतला आणि म्हणाली, यापेक्षा पोटदुखीच बरी."

सायकल दुरुस्तीचे दुकान दोन गल्ल्या पलीकडे होते. मावशी बरोबर आली. माझा दंड धरून, डावी बाजू माझ्याकडे ठेवून. दुकानामागे, पंक्चर शोधायच्या घमेल्यातले पाणी जिथे ओतले जाई तिथे, जुन्या टायरांच्या मधून दोन रोपे उभी होती आणि दोन्ही फुलांनी लगडली होती. पाने मात्र वाफ्यातल्यासारखी नव्हती. कडा खोल कापलेल्या, करवतीसारख्या, आणि अंगभर खरखरीत लव.

मावशीने वाकून एका पानावर बोट फिरवले. "ही कडवी नव्हे. ही दातेरी. तणच ते, आपल्याकडेही उगवायचं. लहानपणी पान गोल असतं, ओळखू येत नाही. दुसऱ्या वर्षी असं होतं."

"मावशी, तुमच्याकडूनच नेलीत. यंदा पहिल्यांदा फुललीत," सायकलवाला म्हणाला.

"तर मग चुकून आलं असेल एखादं."

"दोन्ही?"

"तू चाकातली हवा बघ."

पानावरून वनस्पती ओळखणे म्हणजे सदऱ्यावरून माणूस ओळखणे. पान उन्हाने बदलते, वयाने बदलते, वंशाने बदलते. म्हणून या कुळात निकाल लावायचा तो गुच्छाच्या रचनेवरून. मी वाफ्यातला एक गुच्छ रुमालात गुंडाळून आणला होता. दोन्ही गुच्छ उलटे करून शेजारी ठेवले. खालची हिरवी छदे, म्हणजे गुच्छाला तळातून धरणारी बारीक पाने, दोन्हींत दोन पदरी. बाहेरचा पदर मागे वळलेला, आतला उभा. प्रत्येक बारीक फूल पट्टीसारखे, टोकाला पाच दात. दांडा पोकळ, मोडला की पांढरा चीक. बियावरच्या रेघा सारख्या, झुपक्याचा केस पिसासारखा फाटे फुटलेला. मी भिंग मावशीच्या हातात दिले. तिने ते उजव्या डोळ्याला लावले आणि बराच वेळ एकावरून दुसऱ्यावर नेत राहिली.

"केसाला फाटे दोन्हीकडं आहेत," ती म्हणाली. "हे मी कधी पाहिलंच नव्हतं." मग तिने दातेरीचे एक पान तोडून चावले. तोंड वाकडे झाले, पण थुंकली नाही. "कडू आहे. तेवढीच."

"एकच जात आहे, मावशी. ही तुझ्याच बियांची पोरं आहेत. कुठल्या तरी बापावर गेलीत."

सायकलवाल्याने दोन रिकाम्या काड्यापेट्या दिल्या. एकीत पहिल्या रोपाचे गुच्छ भरले, दुसरीत दुसऱ्याचे, आणि घरी येऊन वाफ्यातल्या काही गुच्छांवर ते हलक्या हाताने घासले. पहिल्याचा पराग लावला तिथे लाल दोरा बांधला, दुसऱ्याचा लावला तिथे निळा. काही गुच्छांना नुसताच पांढरा दोरा बांधून काहीही लावले नाही. सगळ्यांवर पिशव्या चढवल्या. दोरे मावशीने बांधले. गाठी मारण्यात माझ्यापेक्षा तिचा हात बरा आहे, पण दोनदा तिने डाव्या बाजूचा गुच्छ चुकवून हवेतच गाठ मारली. काकांनी ते पाहिले आणि दुसरीकडे बघितले.

बी पिकल्यावर मी ते तिच्यासमोर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कापले. पांढऱ्या दोऱ्याचे पोकळ. निळ्याचेही जवळजवळ सगळे पोकळ. लाल दोऱ्याच्या पहिल्याच बियात सुरी किंचित अडली, आणि आत भरगच्च पांढरा गर दिसला.

"निळा का नाही?" मावशीने विचारले.

"पोरांत आईचीही निम्मी ओळख उतरते. निळ्याचा पराग तिला आपलाच वाटला असणार. लाल बापावर जास्त गेलाय, म्हणून परका वाटला." पुरावा म्हणून हे पुरेसे नाही, हे मी जोडले, पण निरीक्षणाशी जुळणारे आहे.

उरलेले लाल दोऱ्याचे बी मावशीने लगेच पेरले. हिरव्या टाचण्यांसारखे कोंब ट्रेभर वर आले तेव्हा तिने मला फोन केला, पण फोनवर ती त्यांच्याबद्दल बोलली नाही. "ये एकदा," एवढेच म्हणाली.

मी गेले तेव्हा ती वाफ्याच्या कडेला पाटावर बसली होती. वाफा लख्ख होता. ओळींच्या मधल्या मातीत काडीसुद्धा नव्हती.

"दातेरीच्या परागानं बी धरलं," ती म्हणाली.

"हो."

"दातेरी या वाफ्यातच असायची."

"कधी?"

"नेहमीच. बी पडायचं, ओळ सोडून उगवायचं. ओळीबाहेर उगवेल ते उपटायचं, माझा नियमच आहे. पण मागं मागं नीट दिसायचं नाही. हातानं चाचपत काढायचे. रोपाला खेटून असलेलं एखादं राहून जायचं, फुलायचं. मला वाटायचं, कडवीच फुललीय." तिने ओळींमधली माती तळव्याने सपाट केली. "डोळा बरा झाला, वाकायची परवानगी मिळाली, आणि पहिल्यांदा काय केलं तर हा वाफा साफ केला. एकसुद्धा सोडलं नाही."

"मला मुद्दाम बोलावून दाखवला होता," काका दारातून म्हणाले. "म्हणाली, बघा कसा आरशासारखा झालाय."

मला कारण मिळाले होते. अडचण अशी होती की ते मी दाखवायचे कबूल केलेले कारण नव्हते. ऑपरेशन सोडून दुसरे दाखव, असे मावशी म्हणाली होती. आता मी नुसते म्हणाले असते की जोडीचे रोप नव्हते म्हणून बी धरले नाही, तर ते खोटे ठरले नसते, काकांना हवी ती तारीख मिळाली असती आणि विषय संपला असता. काका माझ्याकडे पाहत होते ते नेमके याच अपेक्षेने. परंतु अर्धवट अहवालावर आमच्याकडे सही होत नाही, आणि मावशीने तर सगळे स्वतःच सांगून टाकले होते. शेवटचे वाक्य तेवढे तिने माझ्यावर सोडले होते.

"तुझं बरोबर होतं," मी म्हणाले. "ऑपरेशनमुळेच झालं. मी योगायोग म्हणत होते, तो योगायोग नव्हता."

काकांनी कपाळाला हात लावला.

मावशीने शेजारचा ट्रे जवळ ओढला. ट्रेमधल्या एका कोंबाला चिकटलेले टरफल तिने नखाने अलगद काढले. टरफल तिळाहूनही लहान होते.

"म्हणजे मला नीट दिसलं, म्हणून मी जास्त उपटलं."

"हो."

"डोळ्यानं काही वाईट केलं नाही. नियम माझा, हात माझा."

"डोळ्यानं दाखवलं तेवढंच."

"आणि डावाही नीट झाला तर?"

"तर उरलंसुरलंही दिसेल. उपटायचं की नाही, ते तुझं तू ठरवायचं."

तिने काकांकडे मान वळवली. मान जरा जास्तच वळवावी लागली, कारण ते तिच्या डाव्या बाजूला होते. "कपाळ बडवून झालं असेल तर त्या डॉक्टरीणबाईंना फोन लावा."

"आत्ता?"

"पुढच्या आठवड्यातली मागा, लगेचची नको. आधी सायकलवाल्याकडची दातेरी फोडून आणायची आहे, लाल दोऱ्याची. चारही ओळींच्या टोकाला एकेक लावते. ऑपरेशन झालं की ती बाई वाकू देत नाही, मागच्या वेळी आठवतंय ना, चप्पल घालायलाही तुम्हाला वाकायला लावलं होतं."

"आठवतंय. माझी कंबर अजून आठवण काढते."

"आणि शहाणे, पैज तू हरलीस."

"हरले."

"हरलीस तरी मी जातेय, हे त्या बाईंना नीट सांग. नाहीतर म्हणेल, भाचीनं पटवलं." तिने पाट पुढे सरकवला आणि ओळीच्या टोकाशी बोटाने माती उकरून पाहू लागली. "एका डोळ्यानं खड्ड्याची खोलीच कळत नाही. इथं पुरेल का गं जागा?"

मी सांगितले की पुरेल.

कारण पुढीलप्रमाणे. वाफ्यातली सर्व रोपे मुळे फोडून केलेली, म्हणजे एकच रोप होती, आणि ही जात स्वतःच्या परागाने बी धरत नाही. टेकडी गेल्यानंतरही जे बी धरत असे ते ओळींबाहेर आपोआप उगवलेल्या दातेरी पानांच्या रोपांच्या परागामुळे. ती त्याच जातीची असून मावशी त्यांना तण समजत होती, आणि अधू दृष्टीमुळे त्यांतली काही दरवर्षी तिच्या हातून सुटत होती. उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला ती सर्व दिसली, तिने ती सर्व उपटली, आणि वाफ्यात परका पराग उरला नाही.